बंद थैलीतलं पाचवं पत्र

१

थैलीतून रजिस्टर पत्रं निघाली चार. यादीत होती पाच.

हेडक्लार्कने थैली उलटी करून झटकली, आतली बाजू बाहेर काढली, शिवणीत बोटं घालून पाहिली, टेबलाखाली वाकून पाहिलं. चार म्हणजे चारच. तीन दिवस लागून आलेल्या सुट्ट्यांनंतरची ती पहिली सकाळ होती. बाहेर खिडकीपाशी रांग लागलेली, आणि आत हे नवीनच लचांड. पोस्टमास्तर कचेरीच्या वरच्याच मजल्यावर राहायचे. पण ते जिना उतरून खाली येईपर्यंत थांबेल तो हेडक्लार्क कसला! त्याने मोठ्या कचेरीला फोन लावून बातमी देऊनही टाकली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "कुणी कशालाही हात लावायचा नाही! सगळं आहे तसं राहू द्या!"

पोस्टमास्तर खाली आले तेव्हा त्यांच्या हातात घडी घातलेला एक कागद होता. हेडक्लार्क म्हणाला, "साहेब, पत्र गेलं. मोठ्या कचेरीला कळवलंय मी."

"कळवलंत?" पोस्टमास्तर म्हणाले. "इतक्यात?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाआठ झाले होते. हातातला कागद त्यांनी पुन्हा खिशात ठेवला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

२

नऊच्या सुमाराला तपासनीस बाई आल्या. पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखरे, खांद्याला चहाचा थर्मास आणि पर्समध्ये भिंग. खात्यात त्यांना मागे भिंगबाई म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांची त्याला हरकतही नव्हती. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. समोरच्याला खुर्ची द्यायची, अर्धा कप चहा ओतून द्यायचा आणि त्याला बोलू द्यायचं, एवढीच त्यांची विद्या.

निघताना मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, "बारापर्यंत मला नाव हवं. नाव नाही मिळालं, तर थैली घेताना ज्याची सही आहे तो निलंबित."

सही होती पोस्टमनकाकांची. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

काकांनी चहाला हात लावला नाही. टोपी मांडीवर घेऊन ते बसले होते.

"सुट्टीला टपाल वाटत नाही आपण," ते सांगू लागले. "पण पहिल्या सुट्टीला सकाळी मोठ्या कचेरीची गाडी येते आणि थैली टाकून जाते. ती कुणीतरी घ्यावी लागते. यंदा माझी पाळी होती. गाडीवाला थैली देतो आणि रजिस्टर पत्रांची यादी वेगळी देतो. मी सही केली, थैली आतल्या खोलीत ठेवली, कुलूप लावलं आणि यादी वर नेऊन साहेबांना दिली. आज सकाळी ती खाली टेबलावर ठेवलेली होती. बस."

"थैली सीलबंद होती?"

"होती की. लाखेचा एवढा मोठा गोळा होता."

"यादी वाचलीत?"

"कशाला वाचू बाई? चौथ्या दिवशी वाटायचीच आहेत म्हटलं." काकांनी टोपी दुसऱ्या मांडीवर घेतली. "वाचली असती तर बरं झालं असतं. हरवलंय ते कुणाचं पत्र आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?"

बाईंना एवढंच ठाऊक होतं की ते एका मुलीच्या नावावर आलेलं, परिचारिका प्रशिक्षण संस्थेचं पत्र आहे.

"माझ्याच गल्लीतली आहे ती. शिवणकाम करते. आई आणि ती, दोघीच. पंधरा दिवस रोज दारात उभी राहायची. काका, आलं का? मी रोज मान हलवायचो. संस्थेत हजर व्हायची शेवटची वेळ आज दुपारी बारा. अस्सल पत्र हातात असल्याशिवाय आत घेत नाहीत. आणि संस्था रात्रभराच्या बसप्रवासावर. म्हणजे काल संध्याकाळी पत्र हातात नव्हतं, तर संपलंच की सगळं! दोनदा हुकलंय तिचं. हे तिसरं वर्ष. यापुढे वयात बसत नाही."

"तिला कळवलं?"

"सकाळीच धावत गेलो. दाराला कुलूप आहे. शेजारीपाजारी सुट्टीला गावाला. मायलेकी कुठे गेल्या, काय केलं त्यांनी, काही कळायला मार्ग नाही." काकांनी टोपी चुरगळली. "माझ्या नोकरीचं राहू द्या, बाई. त्या पोरीला आधी शोधा."

अशा कामात समोरच्याच्या दुःखाने विरघळून चालत नाही, असं भिंगबाई नव्या अधिकाऱ्यांना शिकवायच्या. त्यांना स्वतःला ते कधी जमलं नव्हतं.

३

पोस्टमास्तरांना कचेरीत सगळे कलमसाहेब म्हणत. तिकीट तिरकं चिकटवलं तरी ते कुठल्या कलमाविरुद्ध आहे हे ते सांगत. एकदा त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचं पार्सल दोन मिनिटं उशिरा आलं म्हणून त्यांनी ते परत पाठवलं होतं, आणि ती गोष्ट घरी अजून निघते म्हणतात. नाकासमोर चालणारा माणूस.

"आतल्या खोलीच्या किल्ल्या किती?" बाईंनी विचारलं.

"दोन. एक माझ्याकडे, एक थैली घेणाऱ्याकडे. कलम बारा."

"तुम्हाला कुणाचा संशय?"

"पोस्टमनने हे केलेलं नाही. मी तसं लेखी देतो. पण माझी एक विनंती आहे. बारा वाजेपर्यंत कुणावरही हुकूम काढू नका."

"साहेबांनीही बाराचीच वेळ दिली आहे."

"मग ठीक," असं म्हणून त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. दहा वाजायला आले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि पंखा तर गरगर फिरत होता. मायाळू दिसत नसला तरी हाताखालच्या माणसासाठी जीव तुटतोय याचा, असं बाईंनी मनात नोंदलं.

हेडक्लार्कचं बोलणं म्हणजे नळ सोडल्यासारखं. "मॅडम, सील शाबूत होतं! मी स्वतः पाहिलं. तडा नाही, दोरा तुटलेला नाही. पत्र आत हवं होतं, नव्हतं. जादूच म्हणायची! आणि किल्ली कुणाकडे? काकांकडे. सही कुणाची? काकांची. मी कुणाचं नाव घेत नाही हं."

"घेतलंत की," बाई म्हणाल्या. "ते सील कुठाय?"

कापलेला दोरा आणि लाखेचा गोळा त्याने बशीत जपून ठेवला होता. हिशेब जुळेपर्यंत सील टाकायचं नाही, एवढा नियम त्यालाही पाठ होता. बाईंनी भिंग काढलं आणि बशी उजेडाकडे धरली.

"हेडक्लार्क, ही थैली कुठून आली?"

"मोठ्या कचेरीतून. नेहमीचीच."

"म्हणजे सील मोठ्या कचेरीचं हवं. यावरचं नाव वाचा."

हेडक्लार्कने डोळे बारीक केले, आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरला. लाखेवर नाव उठलं होतं ते ह्याच कचेरीचं.

४

"मी तडा बघतो हो!" हेडक्लार्क रडकुंडीला आला. "सतरा वर्षं तडाच बघतोय. नाव रोज कोण वाचतंय?"

ते खरंच होतं. दाराचं कुलूप सगळे ओढून बघतात, कुलूप आपलंच आहे का हे कोण बघतं? थैली इथेच, ह्याच कचेरीत उघडली गेली होती आणि इथेच पुन्हा बंद झाली होती. कचेरीचा शिक्का, लाख आणि मेणबत्ती खिडकीवरच्या ताईंच्या खणात असायची. त्या खणाची किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला टांगलेली असे. हे मोठं गुपित होतं आणि ते कचेरीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

ताई बोलावल्या गेल्या. दोन लहान मुलांची आई, नोकरी अजून कच्ची, कायम व्हायला वर्ष बाकी.

"सुट्टीत तुम्ही कचेरीत आला होतात?"

ताईंनी पदराशी चाळा केला. "दुसऱ्या दिवशी आले होते. माझा चष्मा खणात राहिला होता. त्याच्याशिवाय मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. साहेबांनी दार उघडलं, मी चष्मा घेतला आणि गेले."

"त्याच खणात शिक्का होता?"

"होता. पण मॅडम, मी हात लावला नाही हो! मुलांची शपथ!"

हेडक्लार्कने दारातूनच "अस्सं!" केलं. त्याची संशयाची सुई काकांवरून ताईंवर यायला एवढं पुरे होतं. ताई तिथेच उभ्या उभ्या रडू लागल्या.

तेवढ्यात पोस्टमनकाका आत आले. टोपी डोक्यावर, पाठ ताठ.

"त्या बाईला जाऊ द्या," ते म्हणाले. "पत्र मी घेतलं. मीच थैली उघडली आणि मीच बंद केली. लिहून घ्या."

पोस्टमास्तर खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांचे ओठ हलले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, सव्वाअकरा, आणि ते परत खाली बसले. त्यांचं ते अर्धवट उठणं भिंगबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"बसा, काका," त्या म्हणाल्या. "कसं उघडलंत, सांगा."

"दोरा कापला. पत्र काढलं. नवीन दोरा बांधला, लाख वितळवली, ठसा मारला."

"कुणाचा ठसा?"

काका गोंधळले. "कुणाचा म्हणजे? मोठ्या कचेरीचा. आधी होता तोच. नाहीतर पकडलो नसतो का?"

बाईंनी कपात चहा ओतला आणि कप त्यांच्या हातात दिला. "प्या आता. खोटं बोलून घसा कोरडा पडला असेल. लाखेवर काय आहे हे तुम्ही बघितलेलंही नाही."

५

बाई एकट्याच आतल्या खोलीत गेल्या. लाकडी फळीवर रिकामी थैली पडली होती. त्या तिच्याशेजारीच टेकल्या. गुडघेही दुखत होते आणि विचारही करायचा होता.

काकांना ठसा कुणाचा हे ठाऊक नाही. ताईंना वाचवायला म्हातारा पुढे झाला, एवढंच. हेडक्लार्कने केलं असतं तर त्याने स्वतःहून फोन केला नसता, आणि सील तर बशीत घालून दाखवलंच नसतं. ताई? नोकरी कच्ची असलेली बाई चोरी करील आणि वर आपल्याच खणातला शिक्का पुरावा म्हणून मागे ठेवील?

पण त्या शिक्क्याचं काय? चोराला फसवायचं असतं, तर त्याने निदान ठसा पुसट उमटवला असता. हा तर स्वच्छ, मधोमध, एक अक्षर न तुटता उठला होता. दोऱ्याला दोन गाठी, त्याही पुस्तकात दाखवल्यात तशा. खात्याचा एक जुना नियम बाईंना आठवला. थैली मध्येच उघडावी लागली, तर उघडणाऱ्याने ती आपल्या कचेरीच्या शिक्क्याने बंद करायची, म्हणजे कुठे उघडली ते पुढच्याला कळतं. हा नियम आता फारसा कुणाला ठाऊकही नसतो.

म्हणजे ज्याने नियम मोडला, त्याने मोडतानाही नियम पाळला होता! लपवायचा त्याचा विचारच नव्हता. बाईंना हसू आलं आणि लगेच धस्स झालं. अशी खोड असलेला माणूस या कचेरीत एकच होता.

आणि तो जर पत्र घेऊन निघाला असेल, तर त्याने ते काय केलं असेल? अशा माणसाच्या हातून पत्र फाटत नाही, जळत नाही, खिशात राहत नाही. तो ते पोचवणार. पोचवलं तर सही घेणार. सही घेतली तर पोचपावती त्याच दिवशी टपालात टाकणार, कारण तसं कलम आहे. आणि टपालात टाकायची म्हणजे कुठे? सुट्टीच्या दिवशी उघडी असते ती फक्त बाहेरची टपालपेटी.

बाई उठल्या त्या गुडघे विसरून. "काका! सकाळी पेटी उघडली का?"

"नाही बाई. साडेआठला उघडतो रोज. आज कशालाच हात लावायचा नाही म्हणाले ना हेडक्लार्क!"

काकांनी पेटी उघडली. तीन दिवसांचं साचलेलं टपाल टेबलावर पसरलं. बाई एकेक पाकीट बाजूला सारत गेल्या. ढिगाच्या वरच्या थरातच ती सापडली. पोचपावती, संस्थेच्या पत्त्यावर परत जाणारी. घेणाऱ्याच्या रकान्यात त्या मुलीची सही. तारीख कालची, सुट्टीची. वेळ चार वाजून दहा मिनिटं. पोचवणाऱ्याच्या रकान्यातली वळणदार सही ओळखायला भिंग लागलं नाही.

काकांनीही ती वाचली आणि ते बाकावर बसले.

"म्हणजे पोरगी संध्याकाळच्या बसने गेली," ते पुटपुटले. "म्हणून कुलूप. गेली हो पोरगी!"

६

भिंगबाईंनी पोचपावती पोस्टमास्तरांपुढे ठेवली. अकरा पस्तीस झाले होते.

कलमसाहेबांनी खिशातला कागद काढून त्यांच्या हातात दिला. कालच्या तारखेचा कबुलीजबाब होता, स्वच्छ अक्षरात, खाली सही.

"बारा वाजले की नोंद करून मीच फोन करणार होतो," ते म्हणाले. "पण माझ्या आधी फोन झाला. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कलम अडतीस आहे ना! थैलीतून नियमाबाहेर गेलेलं पत्र चौकशी होईपर्यंत ताब्यात घ्यायचं. मी सव्वाआठला तोंड उघडलं असतं, तर तुम्ही संस्थेला फोन केला असता, आणि तिथल्या टेबलावर तिच्या हातातून पत्र काढून घेतलं असतं. तिची बस पोचते दहाला. पुढे रांग असते. म्हणून बारापर्यंत गप्प बसायचं ठरवलं." मग ते काकांकडे वळले. "तुमच्यावर बालंट आलं आणि मी बसून राहिलो. फार वाईट केलं मी. बारा वाजून एक मिनिटाला उठणार होतो, पण तेवढ्याने काही माझं वागणं बरोबर ठरत नाही."

काकांनी फक्त हात हलवला.

"एक सांगा," बाई म्हणाल्या. "तिने तुमच्याकडे मागितलं होतं पत्र?"

"मागितलं असतं तर मी तिला कलम वाचून दाखवलं असतं," कलमसाहेब म्हणाले. "तिने मागितलं नाही. पहिल्या दिवशी आली, दारावरची 'आज सुट्टी' पाटी वाचली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली, तीच पाटी वाचली आणि गेली. वरच्या खिडकीतून दिसत होतं मला. तिची सगळी हकिकत काकांकडून ऐकली होती मी. हातात यादी, यादीत तिचं नाव. तिसऱ्या दिवशी ती आली आणि पाटीसमोर पायरीवर बसून राहिली. रडली नाही की काही नाही. नुसती बसली. मग उठून गेली. मी तासभर नियमांचं पुस्तक चाळलं, बाई. सुट्टीच्या दिवशी माणसाचं काय करायचं, ते त्यात कुठेच नाही."

टेबलावर फोन होता. बाईंचा हात त्याच्यावर गेला. कलम अडतीस त्यांनाही पाठ होतं, आणि तीस वर्षांत त्यांनी एकही कलम ओलांडलं नव्हतं. हेडक्लार्क दारात श्वास रोखून उभा होता.

"साहेब," बाई म्हणाल्या, "कलम अडतीसात फोन आधी की जबाब आधी, हे लिहिलंय का?"

खोटं बोलता येत नव्हतं त्या माणसाला. त्याने डोळे मिटून पान आठवलं. "नाही. लिहिलेलं नाही."

"मग जबाब आधी." बाईंनी फोनवरचा हात काढला, कोरा कागद घेतला आणि पेनाचं टोपण उघडलं. "सावकाश सांगा. माझं अक्षर घाईत बिघडतं."

त्या लिहीत राहिल्या. एकेका शब्दाला शिरोरेषा ओढत, मध्येच खाडाखोड नको म्हणून सगळं पान परत उतरवत. ताईंनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला. हेडक्लार्कने आयुष्यात पहिल्यांदा पंचवीस मिनिटं तोंड बंद ठेवलं. बाराचा ठोका पडला तेव्हा बाईंनी शेवटच्या ओळीखाली रेघ मारली आणि संस्थेला फोन लावला.

"टपाल खात्यातून बोलतेय. एका मुलीच्या नावाने..." त्यांनी नाव सांगितलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग एक कंटाळलेला आवाज म्हणाला, "हो, आली की. साडेदहालाच नाव दाखल झालंय. आता वसतिगृहात सामान लावतेय. का? पत्रात काही गडबड आहे का?"

"काही नाही. पत्र नीट पोचलं का, एवढंच विचारायचं होतं."

"साडेदहालाच?" कलमसाहेब म्हणाले. म्हणजे गेला दीड तास त्यांनी जीव मुठीत धरला होता तो उगीचच! ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळ्यांना रुमाल लावला. काका उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात ठेवणं कुठल्या नियमात बसतं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

मोठ्या साहेबांचा फोन आलाच. "बारा वाजून गेले! चोराचं नाव?"

"चोर नाही, साहेब. चोरी झाली नाही. नियम मोडलाय, आणि मोडणाऱ्याने कबूल केलंय. अहवाल घेऊन येते."

मग त्यांनी अहवालाचा छापील कागद पुढे ओढला. नाव, हुद्दा, तारीख. कुठलं कलम मोडलं, तिथे कलमसाहेबांनी स्वतःच आकडे सांगितले. एक नाही, तीन. शिक्षा कोणती बसते तेही सांगितलं. बदली नक्की, बढती गेली. त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती.

शेवटचा रकाना होता, थैली उघडण्याचा हेतू.

"इथे काय लिहायचं?" कलमसाहेबांनी विचारलं. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांना एखाद्या रकान्याचं उत्तर येत नव्हतं.

बाईंनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं: टपाल पोचवणे.